घोट्याला तारीख कळत नाही

हा एपिसोड ऐकताना तुमच्यापैकी कुणाचा पाय उशीवर असेल, घोट्याला क्रेप बँडेज असेल आणि टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "शनिवारी येतोयस ना?" असा मेसेज येऊन पडला असेल, तर आजचं बोलणं खास तुमच्यासाठी.

विषय साधा आहे. सीझन चालू असताना घोटा मुरगळला, तर खेळाडू परत कसा येतो? आणि यासाठी लांब जायची गरज नाही. केस आपल्या पुण्यातलीच आहे.

१९ ऑक्टोबर २०२३, गुरुवार. गहुंजेचं एमसीए स्टेडियम. वर्ल्ड कपची मॅच, भारत विरुद्ध बांगलादेश. नववी ओव्हर हार्दिक पांड्याची. तिसऱ्या बॉलवर लिटन दासने समोर ड्राइव्ह मारला. हार्दिक अजून फॉलो-थ्रूमध्येच होता, त्याने पाय घालून बॉल अडवायला बघितलं, तोल गेला आणि सगळा भार डाव्या घोट्यावर आला. तो लंगडत बाहेर गेला. ओव्हरचे उरलेले तीन बॉल चक्क विराट कोहलीने टाकले. पुढे कोहलीने सेंच्युरी मारली, आपण सात विकेट्सनी जिंकलो, आणि बहुतेकांच्या लक्षात ती सेंच्युरीच राहिली.

आता तारखा बघा. दुसऱ्या दिवशी बोर्डाने सांगितलं, हार्दिक धरमशालाला न्यूझीलंडविरुद्ध नाही, पण लखनौला इंग्लंडच्या मॅचआधी टीममध्ये येईल. म्हणजे साधारण दहा दिवस. लखनौची मॅच झाली, हार्दिक नाही. वानखेडेवर श्रीलंकेची झाली, हार्दिक नाही. ४ नोव्हेंबरला बातमी आली की तो वर्ल्ड कपमधूनच बाहेर, त्याच्या जागी प्रसिद्ध कृष्णा.

त्या सोळा दिवसांत काय चाललं होतं, ते त्याने स्वतःच नंतर एका मुलाखतीत सांगितलं. घोट्यात तीन ठिकाणी इंजेक्शनं घेतली, सूज इतकी होती की रक्त काढावं लागलं, धड चालता येत नव्हतं तरी पळायचा प्रयत्न चालू होता. त्या जोर लावण्यात दुखणं पुन्हा उलटलं, आणि काही आठवड्यांचं काम तीन महिन्यांवर गेलं.

मला त्याला नावं ठेवायची नाहीयेत. बारा वर्षांनी वर्ल्ड कप घरी आलेला, टीम एकही मॅच हरत नाहीये, आणि तुम्ही टीमचे व्हाइस कॅप्टन. कोण स्वस्थ पडून राहील? माझा मुद्दा वेगळा आहे. तारीख आधी ठरली आणि घोट्याने तिच्यापर्यंत पोहोचायचं, असा हिशोब मांडला की तो चुकतो. कारण घोट्याला फिक्स्चर कळत नाही.

आता हे का होतं ते बघू. आपल्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिगामेंट्स असतात, हाडाला हाड बांधून ठेवणारे मजबूत पट्टे. पाऊल आतल्या बाजूला वळलं की बहुतेक वेळा हेच ताणले जातात. नुसते ताणले तर पहिली ग्रेड, थोडे फाटले तर दुसरी, पूर्ण तुटले तर तिसरी. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं.

पण लिगामेंटचं अजून एक काम असतं. पाय आत्ता कुठे आहे, किती कलला आहे, हे मेंदूला कळवणारे छोटे सेन्सर त्यात असतात. म्हणून तर खड्ड्यात पाय पडला की तुम्ही विचार करायच्या आधीच पाय सावरतो. इजा झाली की हे कळवणंही बिघडतं. सूज उतरते, ठणका थांबतो, पण सिग्नल मात्र उशिरा पोहोचत राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर अलर्ट यायचे थांबलेत, पण बग फिक्स झालेला नाहीये. आणि म्हणूनच एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता जास्त असते.

हार्दिकच्या बाबतीत तर आणखी अवघड. तो उजव्या हाताचा फास्ट बॉलर. बॉल सोडताना जो पाय जोरात जमिनीवर आपटतो, तो डावा. शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार, प्रत्येक बॉलला, नेमका त्याच घोट्यावर. नुसतं चालता येणं आणि दहा ओव्हर टाकता येणं, यात केवढं अंतर आहे!

माझा घोटा मागच्या वर्षी बाणेरच्या एका टर्फवर मुरगळला. कंपन्यांची लीग चालू होती, फायनल तीन आठवड्यांवर. आमच्या कॅप्टनचा रोज एकच प्रश्न, "कधीपर्यंत होईल?" मी तोच प्रश्न फिजिओ मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या, "तारीख मी देत नाही, यादी देते."

यादी अशी होती. दुखऱ्या पायावर तीस सेकंद उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. एका पायावर टाच वर उचलायची, चांगल्या पायाने जितक्या वेळा जमतं तितक्या वेळा. एका पायावर लांब उडी, दोन्ही पायांची जवळपास सारखी. मग सरळ पळणं. मग पळता पळता वळणं. मग नेट्स. आणि शेवटी मॅच. एक पायरी जमली, दुसऱ्या दिवशी सूज आली नाही, तरच पुढची.

गंमत म्हणजे पंधराव्या दिवशी मला काहीच दुखत नव्हतं. जिना सहज उतरत होतो. पण डोळे मिटून उभा राहिलो की आठ सेकंदांत पाय थरथरायचा. मी फायनल खेळलो नाही. आम्ही हरलो, दोन दिवस ग्रुपवर टोमणेही खाल्ले. पूर्ण यादी संपायला नऊ आठवडे लागले. आम्ही रोज ऑफिसात "डन" कशाला म्हणायचं यावर तासभर भांडतो, पण स्वतःच्या पायासाठी मात्र "बरं वाटतंय" एवढ्यावर डन म्हणून मोकळे होतो.

आता तुम्ही म्हणाल, दुखऱ्या पायाने खेळून जिंकणारेही असतात की! असतात. अमेरिकेत बेसबॉलमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सचा फ्रेडी फ्रीमन आहे. सप्टेंबर २०२४च्या शेवटी, सीझन अगदी निर्णायक टप्प्यावर असताना, धावताना त्याचा उजवा घोटा मुरगळला. मधल्या काही मॅचना त्याला बसावं लागलं. पण वर्ल्ड सिरीजच्या पहिल्याच मॅचमध्ये, टीम एका रनने मागे असताना, त्याने ग्रँड स्लॅम मारून मॅच संपवली. म्हणजे एका फटक्यात चार रन, बेसबॉलमध्ये याहून मोठा फटका नाही. पहिल्या चारही मॅचमध्ये त्याने होमरन मारले आणि सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

व्हिडिओ इथे संपतो. गोष्ट संपत नाही. डिसेंबरमध्ये त्याच घोट्याचं ऑपरेशन झालं. पुढचा सीझन सुरू होतो न होतो, तोच तो बाथरूममध्ये घसरला, तोच घोटा पुन्हा दुखावला आणि काही दिवस बाहेर बसावं लागलं. त्याने किंमत मोजली, पण ती वर्ल्ड सिरीजसाठी. आपल्या लीगच्या प्लास्टिकच्या ट्रॉफीसाठी ती मोजायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

परत हार्दिककडे येऊ. तो मैदानात उतरला फेब्रुवारी २०२४च्या शेवटी, नवी मुंबईत, डी. वाय. पाटील टी-ट्वेंटी स्पर्धेत. गहुंजेनंतर चार महिन्यांहून जास्त काळाने, आणि थेट मोठ्या स्टेजवर नाही. त्यानंतरची आयपीएल वाईटच गेली. मुंबई इंडियन्स तळाला, लोकांनी हुर्यो उडवली. बरा झालेला पाय लगेच यश देतो असं काही नसतं.

आणि मग २९ जून २०२४, बार्बाडोस, टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. शेवटची ओव्हर, दक्षिण आफ्रिकेला १६ रन हवे, बॉल हार्दिकच्या हातात. पहिल्याच बॉलवर मिलरने उंच मारला आणि सूर्यकुमार यादवने बाउंड्रीवर तो कॅच घेतला. बॉल वर उडवला, दोरीबाहेर पाऊल टाकलं, परत आत येऊन पकडला. त्या सूर्याचाही घोटा डिसेंबर २०२३ मध्ये जोहान्सबर्गला फील्डिंग करताना मुरगळला होता. म्हणजे बॉल टाकणारा आणि कॅच घेणारा, दोघंही वर्षभरात घोटा सावरून आलेले. आता तो कॅच पुन्हा बघाल तेव्हा हात बघू नका, पाय बघा.

जाता जाता कामाचं. पाय मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकाला वा मागच्या कडेला दाबलं की दुखत असेल, तर डॉक्टरकडे जाऊन एक्स-रे काढा. पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, गरम शेक नाही, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी. आणि सूज उतरली म्हणून फिजिओ सोडू नका, खरं काम तिथूनच सुरू होतं.

कॅप्टन लोकांना एक विनंती. ग्रुपवर "कधी येतोयस?" असं विचारण्याऐवजी "आता काय काय जमतंय?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला पोरगा भिडेपोटी "शनिवारी" म्हणतो. दुसऱ्याला त्याला खरं उत्तर द्यावं लागतं.

हा एपिसोड तुमच्या टीममधल्या लंगडणाऱ्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या!