पहिली हाक कोणाची?



११ ऑगस्ट २००३ या तारखेपासून सुरुवात करतो. त्या दिवशी आणि पुढचे कित्येक दिवस जगभरच्या लाखो संगणकांवर एकच प्रकार घडत होता. विंडोज एक्सपीचं मशीन चालू करायचं, इंटरनेट जोडायचं, आणि थोड्याच वेळात पडद्यावर एक चौकट उभी राहायची: संगणक बंद होत आहे, हातातलं काम सेव्ह करा. खाली साठ सेकंदांची उलटी मोजणी. मिनिट संपलं की मशीन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं, आणि इंटरनेट जोडलं की पुन्हा तीच चौकट. जाणकार मुलं घाईघाईने ‘रन’मध्ये ‘शटडाउन -ए’ टाइप करून मोजणी थांबवायची आणि तेवढ्या उसंतीत दुरुस्ती करू बघायची.

हा ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा प्रोग्राम. त्याची ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की तो आत यायला माणसाला काहीही करावं लागत नव्हतं. मेल उघडायला नको, कुठे क्लिक करायला नको. विंडोजची एक अंतर्गत सेवा १३५ क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसलेली असायची. बाहेरून कुणीही तिला हाक मारावी आणि तिने ओ द्यावी. त्या ओ देण्यातच एक चूक होती. मायक्रोसॉफ्टने तिचा पॅच १६ जुलैलाच, म्हणजे जवळपास चार आठवडे आधी, दिला होता. पण तो बहुतेकांनी घातलेला नव्हता, आणि आता घालायचा तर इंटरनेट जोडणं आलं. डायल-अपच्या वेगाने पॅच उतरेपर्यंत वर्म आत शिरलेला असायचा.

आणि आता आजच्या विषयाचा गाभा. एक्सपीमध्ये फायरवॉल होती. २००१ साली एक्सपी बाजारात आली तेव्हापासून होती. नेटवर्क कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये, ‘ॲडव्हान्स्ड’ या टॅबखाली, एका छोट्या चौकोनात टिक केली की सुरू. ती टिक असती तर घरातल्या मशीनला बाहेरून येणारा ब्लास्टर शिवला नसता. पण टिक मुळात केलेली नसायची आणि बहुतेकांना तो चौकोन आहे हेच ठाऊक नव्हतं. एक वर्षाने, ऑगस्ट २००४ मध्ये, सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवॉल कुणालाही न विचारता आपोआप चालू राहू लागली. घरगुती संगणकाच्या सुरक्षिततेच्या इतिहासात याहून मोठा बदल मला तरी दुसरा दिसत नाही. नवीन शोध काही लागला नव्हता. बंद होतं ते चालू झालं, इतकंच.

म्हणून ‘कोणती फायरवॉल घेऊ?’ असं कुणी विचारलं की माझं पहिलं उत्तर असतं, बहुधा घ्यायला काही नको. तुमच्याकडे दोन आहेत, एक संगणकात आणि एक राउटरमध्ये. त्या चालू आहेत का, आणि त्यांना आजवर कुणी कुणी भोकं पाडून ठेवली आहेत, हे बघा.

फायरवॉल करते काय ते आधी नीट समजून घेऊ. प्रत्येक संगणकाला पासष्ट हजारांवर पोर्ट असतात. वेगवेगळ्या सेवा वेगवेगळ्या पोर्टवर ऐकत असतात. इंटरनेटवर माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून येते-जाते आणि प्रत्येक पाकिटावर लिहिलेलं असतं की ते कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या पोर्टवरून निघालं आणि कुठे जायचंय. सुरुवातीच्या फायरवॉल फक्त हा मजकूर वाचून ठरवत. आजची फायरवॉल आणखी एक गोष्ट करते. तुम्ही स्वतः कोणाशी बोलायला सुरुवात केली याची ती नोंद ठेवते. इथे बसलेल्या ज्येष्ठांना पोस्टाचं जोडकार्ड आठवत असेल. एक कार्ड आपण पाठवायचं, दुसरं उत्तरासाठी त्यालाच जोडलेलं. फायरवॉल येणाऱ्या प्रत्येक पाकिटाला एवढंच विचारते, की तू आमच्या माणसाने पाठवलेल्या कार्डाचं उत्तर आहेस का? असशील तर ये. नसशील तर परत.

म्हणजे तिचा प्रश्न एकच: पहिली हाक कोणाची? आतून गेली असेल तर उत्तर आत येऊ द्यायचं, बाहेरून आली असेल तर दाद द्यायची नाही. हा एक प्रश्न तिला उत्तम सोडवता येतो. बाकीचे प्रश्न तिचे नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो. पण त्याकडे नंतर येतो.

आधी राउटर. आपल्याकडे बीएसएनएलचं ब्रॉडबँड २००५ मध्ये आलं तेव्हा पुष्कळ घरांत मोडेम ‘ब्रिज मोड’मध्ये लावलेला असे. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर क्लिक करून, युजरनेम-पासवर्ड टाकून ‘डायल’ करावं लागे, ते ज्यांना आठवतं त्यांच्या घरचा हाच प्रकार. त्यात इंटरनेटचा खुला पत्ता थेट तुमच्या संगणकाला मिळायचा. मध्ये आडोसा कसलाच नाही. पुढे राउटर स्वतः जोडणी करू लागला, खुला पत्ता त्याच्याकडे गेला आणि घरातल्या मशीनना १९२.१६८ ने सुरू होणारे अंतर्गत पत्ते मिळू लागले. बाहेरच्या कुणी हाक मारलीच तर ती राउटरपाशी येते आणि आत कोणाला द्यायची हे ठाऊक नसल्याने तो ती टाकून देतो. ही सोय खरं तर पत्त्यांच्या टंचाईमुळे निघाली. सुरक्षितता हा तिचा हेतू नव्हता, पण घरांना तिने फार मोठं संरक्षण दिलं.

आता मात्र पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही ६, आपल्या देशात झपाट्याने पसरली आहे. तिच्यात पत्त्यांची टंचाईच नाही. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, संगणकाला स्वतःचा खुला पत्ता मिळू शकतो. म्हणजे तो आपसूक मिळालेला आडोसा गेला आणि सगळी भिस्त राउटरमधल्या खऱ्या फायरवॉलवर आली. तेव्हा राउटरच्या सेटिंगचं पान उघडाल तेव्हा फायरवॉलच्या रकान्यात आयपीव्ही ६ चंही संरक्षण चालू आहे ना, हे बघाच.

ते पान उघडणं अवघड नाही. राउटर उलटा केला की तळाच्या लेबलवर पत्ता आणि पासवर्ड छापलेला असतो. पासवर्ड ‘ॲडमिन’ असेल तर आधी तो बदला. मग तीन जागा तपासा. ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद हवं. बाहेरच्या माणसाला तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये येण्याचं काही कारण नाही. दुसरी ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ची यादी. घरी सीसीटीव्ही बसवताना ‘मोबाइलवर घर दिसेल’ असं सांगून बसवणारा माणूस इथे एखादी ओळ घालून गेलेला असतो. कधी कधी घाईत तो ‘डीएमझेड’ नावाच्या रकान्यात कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचा पत्ताच टाकतो, म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक हाक सरळ त्या रेकॉर्डरकडे. तिसरी ‘यूपीएनपी’. ही सोय चालू असेल तर घरातलं कुठलंही उपकरण राउटरला सांगून स्वतःसाठी बाहेरचं दार उघडून घेऊ शकतं, तुम्हाला न विचारता. मुलांच्या एखाद्या ऑनलाइन गेमला ती लागते. लागत नसेल तर बंद ठेवा.

कॅमेऱ्याचं एवढं का बोलतो? २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामने जगभरचे असे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधून काढले. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती, तेवढीच तो वापरून बघायचा. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच ताब्यात घेतलेल्या उपकरणांनी वेबसाइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर एकदम मारा केला आणि अमेरिकेच्या मोठ्या भागात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास खोळंबल्या. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता. त्यांचा कॅमेरा नेहमीसारखा चित्र दाखवत होता.

आता संगणकातली फायरवॉल. इथे जरा थांबतो, कारण रोजचा संबंध हिच्याशी येतो.

एखादा नवा प्रोग्राम पहिल्यांदा चालवला की विंडोज कधी कधी एक चौकट दाखवते: फायरवॉलने या ॲपची काही वैशिष्ट्यं रोखली आहेत. खाली प्रोग्रामचं नाव, बनवणारी कंपनी आणि तो डिस्कवर कुठे ठेवलेला आहे तो मार्ग. त्याखाली दोन बटणं, परवानगी द्या किंवा रद्द करा. बहुतेक लोक न वाचता ‘परवानगी’ दाबतात, कारण मनात धास्ती असते की नाही म्हटलं तर प्रोग्राम चालणार नाही. ही धास्ती बहुतांशी खोटी आहे. विंडोजची फायरवॉल मूळ मांडणीत बाहेर जाणाऱ्या हाका रोखत नाही. ती इथे विचारते ते फक्त बाहेरून येणाऱ्या हाकेबद्दल. ‘रद्द’ दाबलं तरी तुमचा ब्राउझर, तुमची बँक, तुमची मेल हे सगळं चालतं. अडतं ते एवढंच, की दुसऱ्या कुणाला तुमच्या मशीनमधल्या त्या प्रोग्रामशी आपणहून बोलायला सुरुवात करता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा ‘रद्द’ दाबा. काही खरंच अडलं तर नंतर यादीत जाऊन परवानगी देता येते. मार्गही वाचायची सवय लावा. ‘टेम्प’ फोल्डरमधून चाललेला, कंपनीचं नाव नसलेला प्रोग्राम परवानगी मागत असेल तर थांबा. ‘ॲपडेटा’मधलं मात्र सगळंच संशयास्पद नसतं. झूमसारखे प्रोग्राम तिथे असतात.

दुसरी सेटिंग आहे नेटवर्क ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’. घरी प्रिंटर किंवा फोल्डर वाटून घ्यायचं असेल तर प्रायव्हेट ठेवा. स्टेशनवर, लॉजवर, कॅफेत, दवाखान्याच्या वाय-फायवर पब्लिक. फायरवॉलच्या सेटिंगमध्ये एक चौकोन आहे, परवानगीच्या यादीतल्यांसह सगळ्या येणाऱ्या जोडण्या रोखा असा. प्रवासात तो टिक करून ठेवण्यासारखा आहे.

आता एक तक्रार, आणि ती मनापासून करतो. घरी ऑफिस चालवणाऱ्या कर सल्लागारांकडे, छोट्या दुकानदारांकडे दोन मशीनवर टॅली किंवा एकच प्रिंटर जोडायचा असतो. जोडणी होत नाही म्हटल्यावर दुरुस्तीला आलेला माणूस सगळी फायरवॉलच बंद करतो. काम होतं, पैसे घेऊन तो जातो, आणि ते मशीन पुढची कित्येक वर्षं एक्सपीच्या काळातल्यासारखं उघडं राहतं. त्या मशीनवर दुसऱ्यांचे हिशेब, पॅन, आधारच्या प्रती असतात. खरं तर त्या एका प्रोग्रामपुरता नियम घालता येतो आणि त्या नियमात ‘लोकल सबनेट’ निवडलं की परवानगी घरातल्या नेटवर्कपुरतीच राहते. पाच मिनिटांचं काम आहे. उभं राहून तेवढं करून घ्या.

विकतच्या किंवा फुकटच्या वेगळ्या फायरवॉलबद्दल विचारणार, म्हणून थोडक्यात सांगतो. २००० च्या सुमारास ‘झोनअलार्म’ फार लोकप्रिय होती. ती बाहेर जाणाऱ्या हाकांबद्दलही विचारायची. कल्पना चांगली होती, पण दिवसभर येणाऱ्या प्रश्नांनी माणूस कंटाळतो आणि सगळ्यालाच ‘हो’ म्हणू लागतो. शिवाय फायरवॉल हाही एक प्रोग्रामच, त्यातही चुका असतात. मार्च २००४ मध्ये ‘विटी’ नावाचा वर्म आला, तो ‘ब्लॅकआइस’ या फायरवॉलमधल्याच चुकीतून शिरला आणि हार्ड डिस्कवरची माहिती खराब करत गेला. ज्यांनी खबरदारी घेतली होती नेमकी त्यांचीच मशीन गेली. तुमच्या अँटिव्हायरससोबत फायरवॉल आली असेल, पुण्याच्या क्विक हीलच्या मोठ्या पॅकमध्ये असते तशी, तर तीच चालू राहू द्या. दोन एकावर एक चढवू नका. मॅकवर फायरवॉल पुष्कळदा बंदच सापडते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. उबुंटूमध्येही ‘यूएफडब्ल्यू’ असते, पण चालू आपल्याला करावी लागते.

मघाशी म्हटलं होतं, पहिली हाक कोणाची एवढाच फायरवॉलचा प्रश्न. फायरवॉल घरोघरी चालू झाल्यावर बाहेरून हाक मारून दार उघडेना, तेव्हा हल्लेखोर आपल्यालाच हाक मारायला लावू लागले. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. अपडेट आतून मागितलेलं होतं, फायरवॉलने ते रीतसर आत घेतलं. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोलमडली आणि न्हावाशेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामही अडकलं.

घरच्या पातळीवर हेच वीजबिलाच्या फोनवर घडतं. ‘बिल अपडेट नाही, आज रात्री वीज तुटेल, हे ॲप घ्या आणि त्यातला नंबर सांगा.’ तो नंबर सांगितला की समोरच्याला तुमचा पडदा दिसतो. ही जोडणी तुमच्या मशीनने बाहेर जाऊन केलेली असते, त्यामुळे ना राउटर अडवतो, ना विंडोज. कोणतीही फायरवॉल विकत घेतली असती तरी तिने हे उत्तर आत येऊ दिलं असतं, कारण कार्ड तुम्ही पाठवलं होतं. असं घडलं तर आधी इंटरनेट तोडा, मग बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवायचे तर मिनिटं मोलाची असतात.

शेवटी जुन्या मशीनबद्दल. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यातली फायरवॉल पूर्वीसारखीच चालते आणि ती चालूच ठेवा. पण ब्राउझरने, मेलने स्वतः मागून आणलेल्या पानांतून जे येतं त्याला अडवायला लागतात ते पॅच, आणि ते त्या मशीनला नेहमीच्या वाटेने आता मिळत नाहीत. वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली असेल तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. नोंदणी केली नसेल तर बँकेचं काम त्या मशीनवर करू नका. राउटरचंही तसंच, कंपनीने त्याचे अपडेट थांबवले असतील तर तो बदला. घरातल्या सगळ्या फोनची आणि टीव्हीची भिस्त त्याच्यावर आहे, म्हणून दोन्हींपैकी एकावरच पैसे घालायचे असतील तर मी आधी राउटर बदलेन.