गोक्योची सरोवरे आणि त्यांच्या वाटेवरची गावे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यवाहांनी आम्हांस हिमालयाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती केवळ आमची हौस पुरविण्यासाठी नव्हे. आपल्या तरुण मंडळाने येत्या वर्षी नेपाळातील खुंबू प्रदेशात पदयात्रा काढण्याचे घाटले आहे. त्याच वाटेने २०२४ साली, विजयादशमीनंतर, ज्ञातीतील आम्ही सहा जण जाऊन आलो. त्यामुळे मुलांना पाठवावे की न पाठवावे, हा घरोघरच्या आईबापांचा प्रश्न आमच्या दारी येऊ लागला आहे. प्रत्येकास वेगळे उत्तर देत बसण्यापेक्षा जे पाहिले ते एकदाच सर्वांसमोर ठेवावे, हे बरे. खर्चाचा हिशेब कार्यवाहांकडे आहे. तो वाचून आपला वेळ घेत नाही.

खुंबू म्हणजे सगरमाथ्याच्या, ज्यास आपण एव्हरेस्ट म्हणतो त्याच्या, दक्षिण अंगाची खोरी. १९७६ साली हा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९७९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निर्मनुष्य अरण्य येते. येथे मात्र गावे आहेत, बटाट्याची व फापराची शेते आहेत, गोठे आहेत, शाळा आहेत. तेथील शेर्पा लोकांचे पूर्वज सुमारे पाचशे वर्षांपूर्वी तिबेटातील खाम प्रांतातून डोंगर ओलांडून आले असे सांगतात. त्यांच्यात मुलाचे नाव बहुधा जन्मवारावरून ठेवतात. सोमवारचा तो दावा, शुक्रवारचा तो पासांग. परिणामी आमच्या वाटाड्यांच्या नावाची आणखी तीन माणसे आम्हांस पहिल्या दोन दिवसांतच भेटली.

लुक्ला येथील विमानतळ सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे. एडमंड हिलरी यांनी १९६४ साली तो बांधवून घेतला. धावपट्टी सव्वापाचशे मीटरांची, आणि तीही उतरती. गर्दीच्या हंगामात विमाने काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातील मंथली येथून सुटतात, म्हणून मध्यरात्री उठून मोटारीने तेथे जावे लागते. या प्रवासाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्ही ते गाळतो.

लुक्ल्याहून दोन दिवसांत नामचे बाजार हे ३,४४० मीटरांवरील गाव गाठले. वाटेत मंत्र कोरलेल्या शिळांच्या भिंती लागतात, त्या आपण देवळास उजवी घालतो तशाच उजव्या हातास ठेवून जावयाचे असते. हे कोणी शिकविण्याची गरज पडली नाही. आमच्या मंडळींचे पाय आपोआप वळले. गरज पडली ती सावकाश चालण्यास शिकण्याची. आमचे वाटाडे पन्नाशीचे शेर्पा गृहस्थ, मितभाषी, हिंदी उत्तम बोलणारे. आमचा पेशा कळल्यापासून ते आम्हांस गुरुजी म्हणत. त्यांचा पहिला नियम असा की, ज्यास चालता चालता बोलता येत नाही तो अधिक वेगाने चालला आहे. दुसरा असा की, तीन हजार मीटरांच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वर न्यावयाची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावयाचा. म्हणून नामचेस दोन रात्री काढून त्यांनी आम्हांस सरोवरांच्या दिशेने न नेता पश्चिमेस थामे गावी नेले. थामे सुमारे ३,८०० मीटरांवर आहे, आणि तेच त्यांचे खोरे.

तेनसिंग नोर्गे यांचे बालपण या थाम्यात गेले. २०२५ च्या मे महिन्यात एकतिसाव्यांदा सगरमाथ्यावर चढलेले कामी रिता शेर्पा याच गावचे. अशा गावाचे दर्शन आम्हांस कसे घडावे? गावाच्या मधून राखाडी दगडगोट्यांचा एक रुंद पट्टा गेलेला. त्यात कोठे घराचा अर्धा कोपरा, कोठे वाकलेला पत्रा, कोठे बटाट्याच्या शेताचा बांध अर्ध्यावरच तुटलेला. १६ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी, म्हणजे आम्ही जाण्याच्या दोन महिने आधी, वरच्या थ्यान्बो खोऱ्यातील लहान तळी फुटून आलेल्या लोंढ्याने घरे नेली, दवाखाना नेला आणि शाळा नेली. लोंढा दिवसाउजेडी आला. माणसे धावत वर चढली व कोणाचा प्राण गेला नाही. तोच रात्री आला असता तर, हे वाक्य आम्हांस तेथे प्रत्येकाने सांगितले, आणि पूर्ण मात्र कोणी केले नाही.

सारे आयुष्य वर्गात काढलेल्या माणसास वाहून गेलेल्या शाळेच्या जागी उभे राहणे कठीण असते. आम्ही तेथे फार बोललो नाही. वाटाडे म्हणाले, "गुरुजी, नदी आधी काळी होते, मग चिखलाचा वास येतो. तो वास आला की सामान गोळा करावयाचे नाही, वर पळावयाचे." हा वास त्यांनी लहानपणीही घेतला होता. ४ ऑगस्ट १९८५ रोजी याच खोऱ्याच्या माथ्यावरील डिग त्शो या तळ्यात बर्फाचा कडा कोसळला, लाट बांधावरून उसळली आणि बांधच घेऊन खाली आली. चौदा पूल गेले, सुमारे तीस घरे गेली, काही माणसे गेली, आणि पूर्ण होत आलेले वीजघर गेले. पुढे ऑस्ट्रियाच्या साह्याने दुसरे वीजघर उभे राहिले तेव्हा कोठे येथील चुलींवरचा लाकडाचा भार हलका झाला.

अशी तळी होतात कशी, हे मुलांनी समजून घ्यावे. हिमनदी खाली सरकताना दगडगोटे, माती पुढे व बाजूंस लोटते. त्या ढिगास भूगोलाच्या पुस्तकांत हिमोढ म्हणतात. हवा तापू लागली, हिमनदी मागे हटली, की ढीग राहतो आणि त्याच्याआड पाणी साचते. हा बांध कोणा शहाण्या गवंड्याने रचलेला नसतो. पुष्कळदा त्याच्या पोटात बर्फच असते, व ते वितळले की बांध आतून पोकळ होतो. एव्हरेस्टच्या बाजूस इमजा नावाचे तळे आहे. शतकापूर्वी ते नव्हतेच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढत वाढत ते दोन किलोमीटरांहून लांब झाले. २०१६ साली नेपाळच्या सैन्याने पाच हजार मीटरांच्या उंचीवर काम करून त्यातील पाण्याची पातळी ३.४ मीटरांनी उतरविली. खालच्या गावांसाठी इशाऱ्याचे भोंगेही बसविले. माणसाने करावयाचे ठरविले तर करता येते, याचा हा पुरावा. पण थ्यान्बोची तळी आकाराने लहान, आणि २०२० साली तज्ज्ञांनी केलेल्या धोकादायक तळ्यांच्या यादीत ती नव्हतीच.

थाम्यास एक रात्र राहून आम्ही खुमजुंगला गेलो. तेथील शाळा हिलरींनी १९६१ साली गावकऱ्यांच्या मागणीवरून बांधली. आरंभी एक पत्र्याची खोली, आणि शिक्षक दार्जिलिंगहून आणलेला. शिखर जिंकणारे पुष्कळ. जिंकल्यावर परत येऊन वर्गखोली बांधणारा विरळा. त्या शाळेच्या पटांगणात आम्ही अर्धा तास उगाच रेंगाळलो.

तेथून मोंगची खिंड चढून फोर्त्से तेंगा, मग दोले, मग माछेर्मो. दोले व माछेर्मो ही मूळची उन्हाळी गोठ्यांची ठिकाणे. गवताच्या दिवसांत याक घेऊन लोक वर येत. आता तेथे यात्रेकरूंसाठी निवास झाले आहेत. शेगडीत याकचे वाळलेले शेण जाळतात, म्हणजे आपल्या गोवऱ्यांचीच पद्धत. फापराची पोळी आणि उकडलेला बटाटा, सोबत तिखट मिरचीचा ठेचा. आमच्या तोंडाला तर ते जेवण कोल्हापुरी वाटले.

माछेर्मो सुमारे ४,४५० मीटरांवर आहे. तेथे आमच्यातील एक गृहस्थ रात्री जेवले नाहीत. डोके दुखते हे त्यांनी दोन दिवस कोणास कळू दिले नव्हते. पहाटे ओकारी झाली. वाटाड्यांनी त्यांना अंगणात एका रेषेत, टाचेपुढे टाच ठेवून, दहा पावले चालावयास सांगितले. चौथ्या पावलास ते कलंडले. झाले, वाटाड्यांनी त्यांचे सामान बांधावयास घेतले. आमच्या मंडळीत मोठी गडबड उडाली. गोक्यो तेथून चार तासांवर. एवढा खर्च, एवढी रजा, आणि गृहस्थही मानाचे, ज्यांचा शब्द आपल्या ज्ञातीत सहसा कोणी खाली पडू देत नाही. एक दिवस विश्रांती घेऊ, औषध घेऊ, अशा सूचना झाल्या. वाटाडे कोणावर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "पैसे तुमचे आहेत. पण वाट माझी आहे. हे आता खाली जातील." सहायक वाटाड्या आणि दोन भारवाहक सोबत देऊन त्यांनी त्यांना तासाभरात मार्गस्थ केले. संध्याकाळी फोर्त्से तेंग्याहून निरोप आला की साहेब चहा पीत असून पोळी मागत आहेत.

या आजारास उतरणे हेच औषध. गोक्योस हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. त्याची सवय शरीराला दिवसांनी होते, मनोबलाने होत नाही. धडधाकट तरुणास तो होत नाही ही समजूत सर्वस्वी खोटी आहे. उलट तरुण वेगाने चढतो, दुखणे लपवितो, आणि म्हणून अधिक फसतो. आईबापांनी आम्हांस धोका किती असे विचारले, त्याचे उत्तर येथे आहे. धोका कड्यात कमी आणि लाजेत अधिक आहे.

भारवाहकांविषयीही बोलले पाहिजे. पाठीवर डोको, कपाळावर नाम्लोचा पट्टा, हातात टेकू देण्याची आखूड काठी. ते पुढे जाताना आम्ही बाजूस उभे राहत असू. अनेकांस वाटते की हे सारे शेर्पा, उंचीला सरावलेले. तसे नाही. यांतील पुष्कळ जण खालच्या खोऱ्यांतील राई व तामांग समाजाचे शेतकरी असतात, आणि त्यांनाही उंची आपल्याइतकीच बाधते. पदयात्रेतील भारवाहकास तीस किलोंहून अधिक ओझे देऊ नये असा दंडक आहे. तो पाळला जातो की नाही हे ज्याचे सामान आहे त्याने पाहावयाचे असते.

अखेर गोक्यो. उंची सुमारे ४,७५० मीटर. हिमनदी खडक दळते, त्याचे पीठ पाण्यात तरंगते आणि त्यावर ऊन पडले की पाणी मोरपिशी दिसते. एकामागून एक अशी तळी वर वर गेलेली आहेत. त्यांतील गावाकाठच्या तळ्यास दूध पोखरी म्हणतात. ही पाणथळ २००७ साली रामसर यादीत नोंदली गेली. आपल्याकडे ज्या दिवशी नारळी पौर्णिमा आणि श्रावणी होते, त्याच दिवशी तेथे जनै पूर्णिमेचे स्नान असते. भाविक ऐन पावसाळ्यात इतके चढून येतात. शेर्पा बौद्ध, यात्रेकरू हिंदू, तळे दोघांचेही पवित्र. आम्ही त्यात हात धुतले नाहीत. पाणी ओंजळीत घेऊन कपाळास लावले.

गावामागील टेकाडावर चढले की नेपाळातील सर्वांत लांब हिमनदी, न्गोजुंपा, दिसते. शुभ्र बर्फाची अपेक्षा ठेवून जाणारा निराश होतो. दगडांनी झाकलेला तो एक प्रचंड राखाडी पसारा आहे, आणि त्यात ठिकठिकाणी लहान तळी डोळ्यांसारखी उघडलेली. दगड पाण्यात पडल्याचे आवाज सतत येत होते. वाटाडे पुष्कळ वेळ ते ऐकत उभे राहिले. लहानपणी येथे इतके पाणी नव्हते, असे म्हणाले. येथूनच दूधकोशी निघते, आणि तिचे पाणी पुढे सप्तकोशीतून बिहारात गंगेस मिळते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्यातील तिघे ५,३५७ मीटरांचा गोक्यो री चढून आले. एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि चो ओयू ही आठ हजार मीटरांवरची चारही शिखरे त्यांनी एका जागी उभे राहून पाहिली. आम्ही अर्ध्या वाटेवर एका शिळेवर बसलो, चो ओयू पाहिला, आणि तेवढ्याने आमचे समाधान झाले.

आता तरुण मंडळास. पाठवावे असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र काही गोष्टी लेखी ठरल्यावाचून नव्हे. वाटाड्याने परत फिर म्हटले की वाद न घालता फिरावयाचे, आणि त्यावर पालकांचीही सही हवी, कारण घरून येणारे दूरध्वनी कधी कधी मुलापेक्षा अधिक हट्ट करतात. सोळा दिवसांची यात्रा बारा दिवसांत उरकण्याचा विचार सोडावा. भारवाहकांचा विमा, गरम कपडे व रात्रीचा निवारा यांचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात आधी धरावा, उरल्यास नव्हे. कळसूबाई चार वेळा चढून या, त्याने पाय तयार होतील. उंचीची सवय मात्र त्याने होणार नाही, हे ध्यानी ठेवा. आणि थाम्यास एक मुक्काम अवश्य ठेवा, जरी तो सरोवरांच्या वाटेवर नसला तरी. आमच्या वाटाड्यांना तारखा संक्रांतीपर्यंत कळवावयाच्या आहेत. तेव्हा ज्यांना जावयाचे आहे त्यांनी डॉक्टरांच्या दाखल्यासह आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत.