आपली भाषा आणि 'गळचेपी'



बोरसी-भिलाईतील आमची मुले शाळेत 'सेन्सॉरशिप', 'सिडिशन', 'रिप्रेशन' हे शब्द शिकतात. मराठी प्रतिशब्द विचारताच अडखळतात. वस्तुतः आपली भाषा येथे मुळीच दरिद्री नाही. 'सेन्सॉर' हा प्राचीन रोममधील एका अधिकाऱ्याचा हुद्दा. त्यातून कचेरी डोळ्यांपुढे येते. आपली 'गळचेपी' आणि 'मुस्कटदाबी' मात्र माणसाच्या गळ्यावर व तोंडावर पडलेला हातच दाखवितात.

ज्या भूमीत आम्ही राहतो, तिलाही हा अनुभव परका नाही. १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषक होते. १९०७ मध्ये त्यांनी नागपुराहून 'हिंदी केसरी' सुरू केला; पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. आप्तांच्या आग्रहास्तव माफीनामा देऊन ते सुटले. पण ते शल्य त्यांना सलत राहिले. टिळकांच्या 'गीतारहस्या'चे हिंदी भाषांतर पुढे त्यांनीच केले.

१९७५ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व तपासणी लादली गेली. 'तपासणी' हा शब्द किती निरुपद्रवी! त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी तिचा उघड निषेध केला.

सौम्य शब्दांआड कठोर कृती दडते. ती ओळखावयाची तर नेमका शब्द हवा. म्हणून मुलांना इंग्रजी शब्द अवश्य येऊ द्यावेत. परंतु गळा दाबला जात असता त्याला 'गळचेपी' म्हणण्याचे धैर्यही त्यांना आपल्याच घरातून मिळावे, एवढीच आमची विनंती.