तळपायावरचा काळा डाग आणि जनुकांची साक्ष

(विश्वस्त संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेले भाषण)



एकच प्रश्न दोन वेगवेगळ्या दारांनी आमच्यापर्यंत आला आहे. काही देणगीदारांनी विचारले, की त्वचेच्या कर्करोगात रोग पुढे कोणते वळण घेईल हे जनुकांच्या तपासणीवरून कळते असे वाचनात आले. तशी सोय कनेरगाव नाक्यावर उभी करता येईल का? काही रुग्णांच्या मुलांनी विचारले, की शेत गहाण ठेवून ही तपासणी करून घेतली, तर वडिलांना किती आयुष्य आहे ते नक्की कळेल का? पहिल्या प्रश्नात औदार्य आहे, दुसऱ्यात जिवाची तगमग आहे. दोघांनाही उत्तर द्यावे, आणि ते एकाच वेळी सर्वांसमोर द्यावे, असे आम्हांस वाटले.

गोऱ्या लोकांच्या देशांच्या मानाने आपल्याकडे त्वचेचा कर्करोग पुष्कळच कमी. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून आपले रक्षण करते. तथापि कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. आणि आपल्याकडे तो बऱ्याचदा निराळ्या जागी होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई या सहकाऱ्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी आवळलेल्या धोतराच्या काचाने होणाऱ्या कर्करोगाची त्यात नोंद आहे. भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षे न भरलेली जखम, या जागाही अशाच धोक्याच्या. या सगळ्यांत अधिक घातक म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, मेलॅनोमा. आपल्या लोकांत त्याची नेहमीची जागा म्हणजे तळपाय, तळहात किंवा नखाखालचा भाग. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांचा १९८१ साली मृत्यू झाला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या याच रोगाने. सावळ्या कातडीला हा रोग होत नाही, ही समजूत किती खोटी आहे ते यावरून दिसावे.

तळपायावरचा काळा डाग आपल्याकडे कोणी रोग समजत नाही. काटा मोडून राहिला असेल, कुरूप झाले असेल, असे म्हणून रुईचा चीक लावतात, बिब्ब्याचा चटका देतात, ब्लेडने वरची कातडी तासतात. सोयाबीनची काढणी झाल्यावर दाखवू, हळद शिजवून झाल्यावर दाखवू, असे करता करता वर्ष निघून जाते. यात रुग्णाला दोष देण्याचे काही कारण नाही. दुखत नाही त्या डागासाठी मजुरी कोण बुडवील?

आता जनुकांकडे वळू. पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे याच्या सूचना जनुकांत लिहिलेल्या असतात. कर्करोगाच्या गाठीत या सूचनांतील काही अक्षरे बदललेली सापडतात. मेलॅनोमामध्ये ‘ब्राफ’ नावाच्या जनुकात असा बदल वारंवार आढळतो, हे इंग्लंडमधील सँगर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. गोऱ्या रुग्णांच्या त्वचेवरील मेलॅनोमात साधारण निम्म्या गाठींत हा बदल असतो. तळपायाच्या मेलॅनोमात तो बराच कमी आढळतो. तेथे काही गाठींत ‘किट’ नावाच्या दुसऱ्याच जनुकात बदल दिसतो.

अशा खुणा दोन जातींच्या असतात, आणि देणगीदारांनी हा भेद मुद्दाम लक्षात घ्यावा. एक खूण पावसाच्या अंदाजासारखी. रोग सौम्य राहील की उसळेल, याचा ती अदमास सांगते. अदमास ऐकून हाती करण्यासारखे फारसे काही नसते. दुसरी खूण माती परीक्षणासारखी. या रानात कोणते पीक येईल ते माती सांगते, तसे या गाठीला कोणते औषध लागू पडेल ते ही खूण सांगते.

पहिल्या जातीची तपासणी अमेरिकेत २०१३ पासून विकत मिळते. गाठीतील एकतीस जनुकांचे वर्तन पाहून रोग परतण्याचा धोका ती वर्तवते. परंतु ती बेतली आणि पडताळली गेली मुख्यतः गोऱ्या रुग्णांवर. तळपायाच्या गाठी त्यांत थोड्याच. शिवाय केवळ या तपासणीच्या भरवशावर उपचार ठरवू नयेत, असे तेथील तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. आपल्या माणसाने शेत गहाण ठेवून हा अंदाज विकत घ्यावा, असे आम्ही सांगणार नाही. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिलेले माप आजही अधिक विश्वासाचे आहे: गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. एक मिलिमीटरपेक्षा कमी असताना ती पुरती काढली, तर पाश्चात्त्य नोंदींनुसार शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात असतात. हे माप काढण्यास जनुकांचे यंत्र लागत नाही. चांगली बायॉप्सी आणि जाणता विकृतितज्ज्ञ लागतो.

दुसऱ्या जातीच्या खुणांचे तसे नाही. रोग शरीरभर पसरल्यावर पूर्वी निम्मे रुग्ण वर्षही काढत नसत. ‘ब्राफ’मधील बदलावर नेमका घाव घालणारे पहिले औषध अमेरिकेत २०११ साली मान्य झाले. तो बदल नसेल तर ते औषध निरुपयोगी, किंबहुना अपायकारक. म्हणजे येथे तपासणीवाचून पाऊलच टाकता येत नाही. ‘किट’ची हकिगत आपल्या देशाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. हा बदल असलेल्या मेलॅनोमाच्या रुग्णांना इमॅटिनिब हे मूळचे रक्ताच्या एका कर्करोगावरील औषध देऊन पाहण्यात आले. चीन आणि अमेरिका येथील २०११ च्या अभ्यासांत दर चार ते सहा रुग्णांपैकी एकाच्या गाठी आकसल्या. प्रमाण मोठे नाही, आणि परिणाम कायमचा टिकतोच असेही नाही. परंतु या औषधाच्या पेटंटचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, आणि भारतीय कंपन्यांचे इमॅटिनिब सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिले. खूण सापडली आणि औषधही परवडले, असा योग या रोगात क्वचितच येतो.

आणखी एका आजाराचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण त्याचा संबंध आपल्या सोयरिकींशी आहे. झेरोडर्मा पिगमेंटोझम या आनुवंशिक आजारात उन्हाने झालेली जनुकांची मोडतोड पेशींना दुरुस्त करता येत नाही. हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली शोधून काढले. अशा मुलांच्या चेहऱ्यावर लहानपणीच तिळांसारखे डाग दाटतात, उजेड डोळ्यांना सोसत नाही आणि दहाबारा वर्षांच्या आतही कर्करोग होऊ शकतो. आईवडील दोघांकडेही सदोष जनुक असेल, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. मामाच्या मुलीशी किंवा मामाशीच लग्न होते अशा घराण्यांत हा योग अधिक जुळून येतो. येथे जनुकाची तपासणी खरोखरच भविष्य सांगते. कोणते जनुक बिघडले आहे त्यावरून रोग त्वचेपुरता राहील की मज्जासंस्थेलाही ग्रासील, याचा बराच अंदाज येतो; आणि मुलाला उन्हापासून कसोशीने जपले, तर कर्करोग टाळता किंवा लांबवता येतो. अशा कुटुंबासाठी निधी खर्चताना आम्ही क्षणभरही मागेपुढे पाहणार नाही.

तर मग यंत्र घ्यावे का? आमचे मत स्पष्टपणे ‘नको’ असे आहे. असे रुग्ण एका गावी मोजकेच येणार, आणि न वापरलेले यंत्र धूळ खात पडणार. नमुना मुंबईस पाठवता येतो. मात्र तो पाठवण्याजोगा हवा, आणि खरी उणीव तेथेच असते. काढलेला तुकडा साध्या, जुन्या फॉर्मॅलिनमध्ये आठवडाभर पडून राहिला, तर त्यातील जनुकांचे तुकडे तुकडे होतात आणि तपासणी वाया जाते. त्यात मेलॅनिन स्वतःच रासायनिक तपासणीत अडथळा आणते. म्हणून आम्ही विश्वस्तांपुढे पुढीलप्रमाणे मागणी ठेवली आहे. योग्य प्रतीचे फॉर्मॅलिन आणि नमुन्याच्या बरण्या कायम उपलब्ध असाव्यात. तुकडा दोन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवण्याची व्यवस्था असावी. शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईस जाणाऱ्या रुग्णाचा आणि सोबतच्या एका माणसाचा प्रवासखर्च निधीतून व्हावा. ज्या जनुकीय तपासणीच्या उत्तरावर औषध अवलंबून आहे, तिचाच खर्च संस्थेने उचलावा. आणि आशाताईंना तळपाय पाहण्याचे शिक्षण द्यावे. तिळाचा रंग, कडा आणि वाढ कशी पाहावी हे एका दुपारीत शिकवता येते.

राहिला मुलांचा प्रश्न. जनुकांचा अहवाल वडिलांचे दिवस मोजून देत नाही. अनेक रुग्णांचे मिळून काय झाले तेवढे तो सांगतो. तो अहवाल ऐकायचा की नाही, आणि घरातील कोणाला ऐकवायचा, हे नमुना पाठवण्यापूर्वीच आम्ही रुग्णालाच विचारू. मेणात जतन केलेला गाठीचा ठोकळा संस्थेच्या कपाटात नावानिशी राहील. उद्या नवे औषध आले तर तोच ठोकळा पुन्हा तपासता येतो; म्हणून रुग्णाने किंवा त्याच्या वारसाने मागितल्यास तो कोणतेही शुल्क न घेता त्याच्या हाती दिला जाईल.