विमानमार्गाचे अंतर

(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या शिबिरातील भाषण)



दिल्लीहून अमेरिकेतील सॅनफ्रान्सिस्को शहर किती दूर आहे, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर आपण भिंतीवरील नकाशाकडे वळतो. तेथे पट्टी ठेवली की रेषा पश्चिम आशिया, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर ओलांडून जाते. परंतु पृथ्वी सपाट नाही. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा; तो उत्तरेकडे चढतो, सायबेरियावरून आर्क्टिक महासागरावर जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो. हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. दोन स्थळांमधील हवाई अंतर म्हणतात ते हेच.

मात्र सर्वांत जवळचा मार्ग सर्वांत लवकर पोहोचवितोच, असे नाही. एअर इंडियाने २०१५ च्या डिसेंबरमध्ये या दोन शहरांमध्ये थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमाने अटलांटिकवरून जात. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले. तरी प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पुरा झाला! याचे कारण वारा. विमाने उडतात त्या उंचीवर या अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानास ते अडवितात, पूर्वेकडे जाणाऱ्यास पुढे ढकलतात.

वाऱ्याप्रमाणेच माणसांचे कलहही अंतर वाढवितात. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने अनेक देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. त्यामुळे हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही शहरे होती तेथेच होती. वाट तेवढी लांबली.

हे सारे आपल्या कामाशी निगडित आहे. शिक्षण हक्क कायद्याखालील २०१० च्या केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. पण ते अंतर चालत जाण्याचे आहे. पूर, दरडी वा रस्त्यांचा अभाव असेल, तेथे ही मर्यादा कमी करण्याचीही तरतूद त्यांत आहे. नकाशावर अर्धा किलोमीटर दिसणारी शाळा ओढ्यापलीकडे असेल, तर पावसाळ्यात पहिलीतल्या मुलास ती किती दूर पडते, याचा विचार आपणच केला पाहिजे.

म्हणून शिक्षकांनी वर्गात पृथ्वीगोल आणि दोरा अवश्य वापरावा; आणि पंचायत सदस्यांनी अंतराचा दाखला देण्यापूर्वी ती वाट एकदा स्वतः चालून पाहावी, एवढीच विनंती.