बोलीचं नाव, मातीचं नाव

माझा एक भाचा अमेरिकेत, टेक्सासमध्ये नोकरीला आहे. दुकानात गेला की गल्ल्यावरची माणसं त्याच्याशी थेट स्पॅनिश बोलू लागतात. सावळा रंग, काळेभोर केस. त्यांना तो मेक्सिकोचा वाटतो. एकदा फोनवर म्हणाला, "मामू, इथे कुणी हिस्पॅनिक म्हणतं, कुणी लॅटिनो. फरक काय हो?"

फरक तसा सोपा आहे. हिस्पॅनिक हे नाव भाषेवरून पडलेलं. ज्याच्या घराण्याची मुळं स्पॅनिश बोलणाऱ्या देशात, तो हिस्पॅनिक. लॅटिनो हे नाव मुलखावरून, लॅटिन अमेरिकेवरून. त्यामुळे स्पेनचा माणूस हिस्पॅनिक, पण लॅटिनो नव्हे. ब्राझीलचा माणूस लॅटिनो, पण हिस्पॅनिक नव्हे, कारण तिथे पोर्तुगीज बोलतात. मेक्सिकोचा माणूस दोन्ही. अर्थात लोक एवढं काटेकोर बोलत नाहीत. तिथल्या सरकारनेही २००० सालच्या जनगणनेत मध्ये तिरपी रेघ मारून दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापले होते.

त्याला हे सांगताना लक्षात आलं, हा घोळ तर आपल्या घरातलाच. 'मराठी' हे बोलीचं नाव आणि 'महाराष्ट्रीय' हे मातीचं. आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. पण तंजावरला जाऊन बघा. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे सतराव्या शतकात तिथे गादीवर बसले. त्या काळापासून तिथे राहिलेल्या घरांत आजही मराठी बोलली जाते. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा १८०३ सालचा मराठी शिलालेख आहे. आमच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव; त्यांच्या संप्रदायाचे मठही तंजावरात आहेत. ही माणसं मराठी खरीच, पण पत्ता तामिळनाडूचा.

मातीचं नाव तरी कुठे एका जागी राहतं? माझे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले. १९४८ ला ते राज्य गेलं. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, १९८१ ला आमचा जिल्हा औरंगाबादचा जालना झाला. घर मात्र होतं तिथेच.

माझं स्वतःचं प्रकरण याहून अवघड. आमच्या घरात दखनी. आई 'नक्को' म्हणायची, 'ऐसाच' म्हणायची. हा नकार आणि हा 'च', दोन्ही दखनीने मराठीकडून घेतले. २०११ च्या जनगणनेला एक शिक्षक आले. नाव ऐकलं आणि मातृभाषेच्या रकान्यात 'उर्दू' लिहून मोकळे झाले. विचारलं नाही. नियमाने पाहिलं तर मातृभाषा म्हणजे आई लहानपणी आपल्याशी बोलली ती. तेव्हा त्यांनी लिहिलं ते फारसं चूक नसेलही. पण पुढचा रकाना होता येणाऱ्या इतर भाषांचा. तिथे मराठी बसली. ज्या भाषेत मी कविता लिहितो, ती माझी 'इतर' भाषा झाली! त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

कविसंमेलनात कुणीतरी जवळ येऊन सांगतं, "तुमची मराठी छान आहे हो!" माणूस प्रेमाने बोलतो, रागावणार कसं? पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठी ओवीत लिहिला, त्याला आता काही शतकं झाली. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आमच्यातल्याच काहींना ही जोडनावं खटकली. मला नाही खटकत. दोन शब्द लागत असतील तर दोन वापरावेत. फक्त ते मी सांगावेत. अमेरिकेच्या जनगणनेत निदान तेवढं आहे. हिस्पॅनिक की नाही, ही खूण ज्याची त्याने करायची.

भाच्याला मी विचारलं, "मग दुकानात तू काय उत्तर देतोस?"

"काय देणार मामू? पिशवी पाहिजे का विचारतात. परवा घाईत तोंडातून 'नक्को' निघून गेलं."

"मग?"

"नाही दिली पिशवी."