वीस सेकंदांची शर्यत
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी विषय दिला आहे ‘शाळा सुटल्यावर लागलेला नाद’. माझ्या आधी कुणी गच्चीवरच्या बागेबद्दल बोललं, कुणी गझलेबद्दल. माझा नाद जरा विचित्र आहे. मला सायकलच्या शर्यती पाहायला आवडतात. चालवायला नाही, पाहायला. हे सांगितलं की लोक विचारतात, त्यात पाहण्यासारखं काय आहे? दहा मिनिटांत तेवढंच सांगणार आहे.

नाद लागला नोकरीमुळे. अकोल्याला इंजिनीअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागले, तेव्हा आमची टीम बेल्जियममधल्या एका ग्राहकाचं काम करायची. एका जुलैत असं व्हायला लागलं, की आपल्याकडे संध्याकाळ झाली की तिकडचं कुणी फोनच उचलेना. चौकशी केली तर म्हणाले, टूर द फ्रान्स चालू आहे. तीन आठवडे, एकवीस टप्पे, सव्वातीन-साडेतीन हजार किलोमीटर. 1903 पासून, महायुद्धांची वर्षं सोडली तर दर उन्हाळ्यात. हे लोक एवढं काय पाहतात म्हणून मीही लावलं. आपल्याकडे रात्री नऊच्या सुमाराला टप्पा संपतो. स्वयंपाक करता करता पाहायला सोयीचं पडलं आणि मग सुटलंच नाही.

तशी आपल्याला ही गोष्ट अगदीच नवी नव्हती. मुंबई-पुणे सायकल शर्यतीची बातमी आपण पेपरात वाचायचो. खंडाळ्याचा घाट सगळ्यांच्या आधी चढेल तो ‘घाटाचा राजा’. फ्रान्समध्येही घाटाचा राजा असतो, तो लाल ठिपक्यांचा पांढरा शर्ट घालतो. एकंदर वेळेत जो पुढे असतो त्याचा शर्ट पिवळा, कारण ती शर्यत ज्या वर्तमानपत्रानं सुरू केली त्याचा कागद पिवळा होता.

आता शर्यत कशी असते ते आपल्या भाषेत सांगते. एक टप्पा म्हणजे साधारण अमरावती ते अकोला, असं धरा. कॉलेजची चार वर्षं मी दर शनिवारी-रविवारी या रस्त्यानं एसटीनं आले-गेले. बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. गाडी अडीच तास घ्यायची. सपाट रस्त्यावर हे सायकलवाले ताशी चाळीस-पंचेचाळीसनं जातात, म्हणजे एसटीच्या आधी पोचतील. मूर्तिजापूरला ते चहाला थांबत नाहीत, एवढाच काय तो फरक.

या वेगाला त्यांचा खरा शत्रू असतो वारा. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. म्हणून ते घोळक्यानं जातात, एकमेकांच्या चाकाला वीतभर अंतरानं चिकटून. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की मागच्याची जवळजवळ एक तृतीयांश मेहनत वाचते. पुढचा दमला की बाजूला होतो, मागे जातो, दुसरा पुढे येतो. प्रतिस्पर्धी संघांची माणसंसुद्धा असा वारा वाटून घेतात, कारण एकट्यानं निघालेला बहुतेक वेळा पकडला जातो.

प्रत्येक संघात सहा ते आठ जण असतात आणि त्यातला एकच जिंकायला आलेला असतो. बाकीचे त्याच्यासाठी वारा खातात, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या शर्टात कोंबून आणतात, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून देतात. फोटो एकाचाच येतो. बक्षिसाचे पैसे मात्र संघात वाटून घ्यायची जुनी रीत आहे. आणि एक नियम मला फार आवडतो. शेवटच्या रेषेवर घोळका एकत्र आला तर घोळक्यातल्या सगळ्यांना एकच वेळ मिळते. दीडशेवा आलेलाही पहिल्याच्याच वेळेत आलेला असतो.

इतकी वर्षं हे सगळं पडद्यावर पाहिलं. यंदा 19 ते 23 जानेवारीला पुणे ग्रँड टूर झाली, आंतरराष्ट्रीय दर्जाची, पाच दिवसांत एकूण 437 किलोमीटर. मी एक दिवस रजा टाकली आणि मुळशीच्या बाजूला एका गावाच्या फाट्यावर जाऊन उभी राहिले. रस्ता बंद होणार म्हणून दोन तास आधी. ऑफिसातले म्हणत होते, त्या शर्यतीपायी ट्रॅफिकचे हाल, कशाला हवी ही थेरं. त्यांचं पूर्ण चूक नव्हतं.

फाट्यावर निम्मं गाव होतं. कुणी रांगोळी घातली होती. शाळेतली मुलं कागदी झेंडे घेऊन ओळीनं बसवली होती. दोन तासांत मला तीन वेळा चहा मिळाला आणि एका आजीनं मी कुणाची कोण, माहेर कुठलं, हे सगळं काढून घेतलं. अमरावती म्हटल्यावर म्हणाल्या, “अगो, लांबनं आलीस की!”

मग पोलिसांच्या गाड्या गेल्या, मोटरसायकली गेल्या, आणि ते आले. पडद्यावर न कळणारी गोष्ट म्हणजे आवाज. ज्वारीच्या शेतातून पाखरांचा थवा एकदम उठावा तसा. साखळ्यांची भिरभिर, टायरचा सूं आवाज, मध्येच कुणी कुणाला ओरडून सांगतो आहे. रंग दिसले, चेहरे दिसले नाहीत. वीस सेकंद, फार तर पंचवीस. संपलं.

रात्री बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “इतक्या दूर जाऊन वीस सेकंद पाह्यलं? तिकीट किती होतं?” म्हटलं, फुकट होतं बाबा. “मंग ठीक हाये.”

पण पाहण्यासारखं खरं नंतरच होतं. घोळका गेल्यावर संघांच्या मोटारी गेल्या, टपावर सायकली उलट्या बांधलेल्या. त्यांच्यामागून तिघं आले, एकाच रंगाच्या शर्टातले. मधल्याची सायकल बहुधा बिघडली असावी, आणि दोघं त्याला न्यायला मागे थांबलेले. आळीपाळीनं पुढे होत ते त्याला घोळक्याकडे ओढून नेत होते. त्यांची स्वतःची शर्यत त्या दोघांनी त्या क्षणी सोडून दिली होती. ते त्यांचं कामच होतं, त्याचाच पगार त्यांना मिळतो.

आणि बऱ्याच वेळानं शेवटचा. फ्रेंच लोक शेवटच्याला ‘लाल कंदील’ म्हणतात, गाडीच्या शेवटच्या डब्याला असतो तो. बडनेरा स्टेशनवर आपण तो लाल दिवा लांब जाईपर्यंत पाहत उभे राहायचो, आठवतं? त्याला पाहून सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. एका मुलीनं आजींना विचारलं, “हा तर शेवटचा, मग याला कशाला?” आजी म्हणाल्या, “अगं, पळून नाही ना गेला. येतोय की.”

तो गेला, मागची गाडी गेली, आणि वाहनं सोडेपर्यंत रस्ता काही मिनिटं तसाच मोकळा राहिला. नवं डांबर, एकही ट्रक नाही. त्या शाळेतल्या सात-आठ मुलींनी कडेला लावलेल्या सायकली काढल्या आणि रस्त्याच्या अगदी मधून, घोळक्यानं, वेणी उडवत निघाल्या. एकीनं हँडलवर वाकून त्या शर्यतवाल्यांची नक्कल केली. शर्यतीची सायकल नियमानं 6.8 किलोपेक्षा हलकी चालत नाही. यांच्या सायकली निदान तिप्पट जड असतील, मागे दप्तर वेगळं. मग पोलिसांनी हात केला, मागून पहिला हॉर्न वाजला, आणि त्या एकामागे एक होऊन कडेच्या मातीत उतरल्या. मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त हेच आठवतं.

ती शर्यत पुरुषांची होती. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची शर्यत 1896 पासून आहे, बायकांची आली 1984 ला. बायकांची आजची टूर द फ्रान्स 2022 मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी आपल्या विदर्भातली, भंडाऱ्याची मयूरी लुटे बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सायकलच्या ट्रॅकवर भारताकडून उतरली. म्हणजे मुली पोचताहेत. पण त्या मातीत उतरलेल्या मुली पाहून मला मयूरी आठवली नाही. आपल्या वर्गातली एक जण आठवली.

मैत्रिणींनो, तुम्हाला आठवेल, आपण सहा-सात जणी शाळेतून साईनगरकडे मिळून जायचो. जुलै-ऑगस्टात संध्याकाळी पश्चिमेचा वारा समोरून यायचा, पेडल मारवत नसे. आपण बडबडत, पुढे-मागे होत जायचो आणि अंतर कळायचं नाही. तेव्हा कुणी आपल्याला हवेचा अडथळा शिकवला नव्हता. आपण वारा वाटून घेत होतो, एवढंच. ती आपल्यासोबत असायची. बहुतेक वेळा तीच पुढे असायची, कारण तिचे पाय सगळ्यात दणकट होते. साईनगरला आपण वळायचो. तिला तिथून पुढे बडनेरा ओलांडून गावापर्यंत आठ-नऊ किलोमीटर जायचं असायचं. एकटीनं, ट्रकांच्या कडेकडेनं. दिवाळीनंतर अंधार लवकर पडायला लागला. नववीच्या मध्यावर तिच्या घरच्यांनी तिला पाठवणं बंद केलं. गणितात ती माझ्या पुढे होती. इथल्या सरांना आणि बाईंना नक्की आठवत असेल.

तिच्यात काय कमी होतं? काही नाही. घरच्यांचंही समजतं, पोरीची काळजी कुणाला नसते. शेवटच्या आठ-नऊ किलोमीटरला तिच्यासोबत घोळका नव्हता आणि रस्त्याला सायकलीपुरती कड नव्हती. शर्यत पाहायला लागल्यापासून मला हा हिशेब नीट मांडता येतो. मागे राहिलेला दर वेळी कमजोर असतो असं नाही. पुष्कळदा तो एकटा पडलेला असतो. त्याला न्यायला दोघं मागे येतात की नाही, यावर त्याचा टप्पा ठरतो.

आता आपल्या रस्त्याचं. जून 2022 मध्ये आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना, 75 किलोमीटर डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पाच दिवसही पूर्ण लागले नाहीत. मला त्याचा इंजिनीअर म्हणून मनापासून अभिमान आहे. आणि पुण्याच्या शर्यतीसाठी रस्ते कसे झटपट गुळगुळीत झाले, तेही मी पाहिलं. म्हणजे आपल्याला येतं. मनावर घेतलं की सायकलीसाठी रस्ता करताही येतो आणि मोकळा ठेवताही येतो. तो शर्यतीच्या दिवसापुरता का, एवढा प्रश्न मी चाहती म्हणून विचारते. उत्तर देऊ शकतील अशी निदान तीन माणसं आपल्याच बॅचमध्ये, याच हॉलमध्ये बसली आहेत. एक बांधकाम खात्यात आहे, एक नगरसेवक होता, एक पोलिसांत आहे. नावं घेत नाही, पण ते खाली पाहताहेत.

आज सकाळी लवकर आले आणि शाळेचा सायकल स्टँड पाहून आले. आपल्या वेळी तिथं एक सायकल काढायची तर चार आडव्या पडायच्या. आज मोजल्या, अकरा होत्या. आज शाळा भरलेली होती, म्हणून हा आकडा खरा धरायला हरकत नाही. बाहेर ऑटो आणि व्हॅनची रांग होती. पालकांना दोष देऊन काय होणार, मीही माझ्या मुलीला पुण्यात सायकलवर सोडत नाही.

बॅचनं शाळेला काय द्यायचं, यावर जेवणानंतर बैठक आहे. स्मार्ट बोर्डाचं नाव पुढे आहे असं ऐकलं. चांगलंच आहे. माझी सूचना एवढीच, की आधी हेडमास्तरांना विचारू या, बाहेरगावाहून येणाऱ्या मुली किती, त्या कुठल्या रस्त्यानं येतात, आणि आठवीनंतर त्यातल्या किती उरतात. एका दिशेच्या मुलींना एकाच वेळी सोडता येतं का, जादा तास सकाळी घेता येतात का, सोबत जायला कुणी मोठं माणूस नेमता येतं का. याला फार पैसे लागणार नाहीत. लागलेच तर मी पहिली.

आणि शेवटचं. तिचा नंबर आपल्या ग्रुपवर नाही. लग्न होऊन ती मूर्तिजापूरकडे गेली, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. खरं-खोटं ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणाला तिचा पत्ता किंवा फोन माहीत असेल, तर जेवायला बसण्याआधी मला सांगा. मी उद्या दुपारपर्यंत अमरावतीतच आहे, आणि गाडी आणली आहे.